पैसा आला, पण घरी थांबला नाही : केडगावच्या पंडिता रमाबाईंची गोष्ट

केडगाव (ता. दौंड) : शिरूरहून न्हावरामार्गे चौफुल्याला आलं की केडगाव जवळच. इथल्या मुक्ती मिशनचं नाव दोन्ही तालुक्यांत सगळ्यांना माहीत आहे. पण ज्यांनी ते उभारलं, त्या पंडिता रमाबाईंचं आयुष्य नव्या पिढीला पूर्ण ठाऊक असतंच असं नाही. देवावर विश्वास ठेवला की पैसाअडका, गाडी-बंगला आपोआप येतो, असं सांगणारे आजकाल सगळीकडे भेटतात. रमाबाईंचा विश्वास पक्का होता आणि त्यांच्याकडे पैसाही आला. मग तो गेला कुठं?

उपाशी घरातली पंडिता

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. लोकांचा विरोध सोसून त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आणि मुलीलाही ती विद्या घरातच मिळाली. तीर्थयात्रा आणि दानधर्मात घरची मिळकत संपली. पुराण सांगत हे कुटुंब गावोगाव फिरायचं. १८७४ नंतरच्या दुष्काळाच्या काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. विद्या भरपूर होती, पण अंगमेहनतीचं काम कोणाला शिकवलेलं नव्हतं, आणि हात पसरणं अभिमानाला पटत नव्हतं. ही गोष्ट रमाबाई कधी विसरल्या नाहीत.

भावाबरोबर पायी फिरत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय विवाह केला. १८८२ मध्ये पतीही गेले. पदरात लहानगी मनोरमा होती.

विलायत, अमेरिका आणि शारदा सदन

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी तिथं ख्रिस्ती झाल्या. पुढं अमेरिकेत व्याख्यानं दिली, पुस्तक लिहिलं. तिथल्या लोकांनी मंडळ स्थापून त्यांच्या कामाला दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. विधवांना राहायला जागा आणि शिक्षण देणारी ही शाळा. पण मुली ख्रिस्ती होतील या भीतीनं १८९३ मध्ये मोठा वाद पेटला. अनेकांनी मुली काढून नेल्या, जवळचे सल्लागारही दूर झाले.

बागेसाठी जमीन घेतली, आला दुष्काळ

दहा वर्षांची मदत कधीतरी संपणारच होती. पुढची सोय म्हणून रमाबाईंनी केडगावला सुमारे १०० एकर जमीन घेतली. फळबाग लावायची, उत्पन्नावर सदन चालवायचं, असा सरळ हिशेब. आपल्याकडचा कोणताही शेतकरी असाच विचार करील.

पण १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः उपाशी राहिलेल्या बाईला घरी बसवेना. त्या तिकडं गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. इकडं पुण्यात प्लेगची धास्ती, शहरात एवढी माणसं ठेवता येईनात. मग केडगावच्या रानात तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. उत्पन्नासाठी घेतलेली जमीन आसरा झाली. तेच मुक्ती सदन.

त्यानंतर गुजरातचा दुष्काळ आला. १९०० च्या सुमारास केडगावात २,००० च्या जवळपास माणसं जेवत होती. ठरलेल्या मदतीची मुदत १८९८ मध्येच संपली होती. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांनी प्रार्थनेच्या भरवशावर अनाथालयं चालवली होती. त्यांचं चरित्र रमाबाईंनी वाचलं होतं. त्याच वाटेनं त्या चालल्या. देश-परदेशातून देणग्या येत, आणि धान्य, कपडे, विहिरी, इमारती यांत लागलीच खर्च होत. आलेल्या पैशातून रमाबाईंनी स्वतःचं घर भरलं नाही. त्या साध्या पांढऱ्या साडीतच राहिल्या.

नुसती प्रार्थना नव्हे, हाताला काम

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. देव देईल म्हणून कोणी बसून राहत नव्हतं. विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, शेती, दुधाची जनावरं, छापखाना, सगळं बायकाच चालवत. अंध मुलींसाठी वेगळं सदन होतं, म्हाताऱ्या आणि आजारी बायकांसाठीही होतं. घरच्यांना जे काम शिकायला मिळालं नव्हतं, ते केडगावात प्रत्येकीला मिळालं.

रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईलाही कळावं म्हणून. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्तीतल्या बायकांनीच केलं. १९१९ मध्ये सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. तरी भाषांतराचं काम त्यांनी पूर्णत्वाला नेलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच देह ठेवला.

रमाबाईंच्या हिशेबात भरभराट म्हणजे आपल्याकडं किती साठलं हे नव्हतं. आपल्या पंगतीला किती जण बसले, हे होतं. शंभर वर्षं उलटून गेली. केडगावात आजही निराधार बायका-मुलांना मुक्तीचं दार उघडं आहे.