परळच्या रुग्णालयामागचे भाभा
कर्करोगाच्या उपचारासाठी कोल्हापूरहून परळला जाणाऱ्यांना टाटा रुग्णालय ठाऊक असते. त्यामागचे होमी भाभा क्वचितच आठवतात. मुंबईत १९०९ मध्ये जन्मलेल्या या भौतिकशास्त्रज्ञाचा इलेक्ट्रॉनिक उपकरणे देशातच बनवण्याचा आग्रह असे. 'अप्सरा' अणुभट्टीची नियंत्रण यंत्रणा १९५६ मध्ये इथेच घडली. किरणोत्सर्गाने कर्करोगावर उपचार होतात, हे जाणून त्यांनी १९६२ मध्ये टाटा रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे घेतले. २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समधील विमान अपघातात ते गेले. पुढे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने कोबाल्टच्या गामा किरणांनी कर्करोगाच्या गाठीवर मारा करणारे, संगणकाने चालणारे स्वदेशी यंत्र विकसित केले. परदेशी यंत्रापेक्षा ते स्वस्त पडते. त्याचे नाव 'भाभाट्रॉन'.