हार्वे कुशिंग

हार्वे विल्यम्स कुशिंग (८ एप्रिल, १८६९ : क्लीव्हलँड, ओहायो – ७ ऑक्टोबर, १९३९ : न्यू हेवन, कनेटिकट) हे अमेरिकन शल्यचिकित्सक, संशोधक आणि लेखक होते. मेंदूतील अर्बुदांवरील (गाठींवरील) शस्त्रक्रियेला स्वतंत्र शास्त्राचे रूप देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. ते आधुनिक मेंदूशल्यचिकित्सेचे जनक मानले जातात.

जन्म आणि शिक्षण

कुशिंग यांचे वडील, आजोबा व पणजोबा हे तिघेही वैद्यकीय व्यवसायात होते. दहा भावंडांत हार्वे सर्वांत धाकटे. येल विद्यापीठातून १८९१ मध्ये पदवी घेतल्यावर ते हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले व १८९५ मध्ये डॉक्टर झाले. विद्यार्थिदशेत त्यांनी ईथरची भूल दिलेला एक रुग्ण दगावला. या घटनेचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. पुढे सहाध्यायी अर्नेस्ट कॉडमन यांच्यासह त्यांनी भूल दिलेल्या रुग्णाची नाडी व श्वसन यांची नोंद ठेवणारे तक्ते तयार केले. झालेली चूक झाकून न ठेवता नोंदवायची आणि तिच्यापासून शिकायचे, ही त्यांची पद्धत येथूनच सुरू झाली.

कारकीर्द

१८९६ पासून त्यांनी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड यांच्या हाताखाली काम केले. ऊती हळुवारपणे हाताळणे व रक्तस्राव काटेकोरपणे थांबवणे हे धडे त्यांना तेथे मिळाले. १९०० - ०१ मध्ये ते युरोपात गेले. बर्न येथे त्यांनी कवटीतील दाब वाढला असता रक्तदाबही वाढतो, यावर संशोधन केले. इटलीत पाहिलेले रिवा-रोची यांचे रक्तदाबमापक त्यांनी अमेरिकेत आणले आणि शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब मोजण्याचा आग्रह धरला.

१९१२ मध्ये हार्वर्ड येथे प्राध्यापकपदी नियुक्ती झाल्यावर बॉस्टनचे पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालय हे त्यांचे कार्यक्षेत्र बनले. पहिल्या महायुद्धात त्यांनी फ्रान्समध्ये डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या.

अर्बुदांवरील शस्त्रक्रिया

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मेंदूची शस्त्रक्रिया हा बहुधा अखेरचा उपाय असे. सामान्य शल्यचिकित्सक वर्षाकाठी अशा एखाद-दुसऱ्या शस्त्रक्रियेला हात घालत आणि मृत्यूचे प्रमाण फार मोठे असे. मेंदूचे छायाचित्र घेणारी आजची यंत्रे तेव्हा नव्हती. रुग्णाची दृष्टी, चाल, बोलणे व स्नायूंची शक्ती तपासून गाठीची जागा ठरवावी लागे. कुशिंग ही तपासणी स्वतः करीत आणि तासन्‌तास चालणारी शस्त्रक्रिया संथपणे पार पाडीत. रक्तस्राव रोखण्यासाठी त्यांनी १९११ मध्ये चांदीच्या चिमट्या प्रचारात आणल्या. १९२६ मध्ये विल्यम बोव्ही यांच्या विद्युत उपकरणाचा त्यांनी वापर सुरू केला. त्यामुळे पूर्वी अर्धवट सोडाव्या लागलेल्या कित्येक गाठी काढणे शक्य झाले.

प्रत्येक गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासून तिचे स्वरूप निश्चित केले जाई. या कामी त्यांना विकृतिशास्त्रज्ञ लुईस आयझेनहार्ट यांचे साहाय्य लाभले. बरे झालेल्या रुग्णांशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार ठेवला जाई आणि दगावलेल्यांचे शक्यतो शवविच्छेदन होई. अशा निश्चित निदान झालेल्या अर्बुदांची दोन हजारावी शस्त्रक्रिया त्यांनी १९३१ मध्ये केली. अखेरच्या वर्षांत त्यांच्याकडील मृत्यूचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास उतरले होते. मृत्यूंसह सर्व आकडे त्यांनी प्रसिद्ध केले. त्यामुळे शल्यचिकित्सकाचा अनुभव कीर्तीवरून नव्हे, तर नोंदींवरून पारखणे शक्य झाले.

लेनर्ड वुड यांचे प्रकरण

अमेरिकन सेनाधिकारी लेनर्ड वुड हे स्वतः डॉक्टर होते. मेंदूच्या आवरणातील गाठीमुळे त्यांना झटके येत. अशा शस्त्रक्रियांत यश क्वचितच येत असतानाही १९१० मध्ये त्यांनी कुशिंग यांची निवड केली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. वुड पुढे सेनाप्रमुख व फिलिपाईन्सचे गव्हर्नर जनरल झाले. गाठ पुन्हा वाढल्याने ऑगस्ट १९२७ मध्ये ते कुशिंग यांच्याकडेच परतले. मात्र या वेळी शस्त्रक्रियेनंतर त्यांचा मृत्यू झाला. पहिल्या शस्त्रक्रियेने त्यांना सतरा वर्षांचे कर्तबगार आयुष्य मिळाले होते. दुसरीच्या वेळी कुशिंग यांचा अनुभव कितीतरी वाढलेला असूनही तो अपुरा पडला.

संशोधन व लेखन

पियुषिका ग्रंथीच्या विकारांवरील त्यांचा ग्रंथ १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३२ मध्ये त्यांनी वर्णन केलेला या ग्रंथीचा एक विकार ‘कुशिंगचा रोग’ म्हणून ओळखला जातो. ‘मेनिंजिओमा’ ही संज्ञा त्यांनी १९२२ मध्ये रूढ केली. या अर्बुदांवरील आयझेनहार्ट यांच्यासह लिहिलेला बृहद्ग्रंथ १९३८ मध्ये निघाला. विल्यम ऑस्लर यांच्या द्विखंडी चरित्राबद्दल त्यांना १९२६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

अखेर आणि वारसा

१९३२ मध्ये हार्वर्डमधून निवृत्त झाल्यावर ते येल विद्यापीठात गेले. हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांच्या स्वतःच्या मेंदूतही एक लहानशी गाठ आढळली. त्यांनी जपलेला मेंदू व अर्बुदांचा संग्रह आणि ग्रंथसंग्रह येल येथे आहे.

त्यांच्या हाताखाली काही काळ काम केलेले वाइल्डर पेनफिल्ड यांनी माँट्रियल येथे मोठे केंद्र उभारले. तेथे शिकलेले डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोर येथे मेंदूशल्यचिकित्सेचा विभाग सुरू केला. मुंबईत डॉ. राम गिंडे हे या शाखेच्या आद्य शल्यचिकित्सकांपैकी होत.