कवयित्री कै. बहिणाबाई चौधरी आणि त्यांची गाणी लिहून घेणारे

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी घरोघरी जाऊन लेखन मागण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. त्या निमित्ताने ज्ञातिबांधवांच्या व भगिनींच्या भेटी होतात, चहापान होते, जुन्या आठवणी निघतात. परंतु लेखाचा विषय काढला की बहुतेक घरी एकच उत्तर मिळते. आम्हाला कुठले लिहिता येते, आमचे शिक्षण ते किती, आणि आमच्या साध्या आयुष्यात लिहिण्यासारखे आहे तरी काय, असे म्हणून मंडळी विषय संपवितात. हे ऐकून परतताना आम्हास नेहमी खानदेशातील एका माउलीचे स्मरण होते. तिला तर अक्षरओळखही नव्हती. तथापि तिच्या गाण्यांनी मराठी भाषा श्रीमंत झाली. त्या कै. बहिणाबाई चौधरी यांचे चरित्र यंदा वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. बहिणाबाई लेवा पाटील समाजातील. आपल्या ज्ञातीच्या नव्हेत. परंतु दिव्याने कोणाच्या घरात उजेड पाडावा याला ज्ञातीची मर्यादा नसते.

बहिणाबाईंचा जन्म जळगावाजवळील असोदे या गावी २४ ऑगस्ट १८८० रोजी, नागपंचमीच्या दिवशी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव उखाजी महाजन व आईचे भिमाई. घरी तीन भाऊ, तीन बहिणी आणि शेतीचा व्याप. त्या काळी खेड्यातील मुलीला शाळेत घालण्याची कल्पनाही कोणाच्या मनात येत नसे. त्यामुळे बहिणाबाईंच्या हाती पाटी-पेन्सिल कधी आलीच नाही. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावचे नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि माहेरची लेक सासरच्या मोठ्या खटल्यात दाखल झाली.

सासरी पहाटेच्या दळणापासून रात्रीच्या निरवानिरवीपर्यंत कामाला खंड नव्हता. शेतातील पेरणी, कापणी, मळणी, उफणणी, घरातील चूल आणि घरोट, म्हणजे आपले जाते, हेच त्यांचे विश्व. परंतु हात कामात असताना मन मोकळे असे, आणि त्या मोकळ्या मनातून ओवीच्या चालीवर गाणे बाहेर पडे. गाणे रचण्यासाठी त्या कधी मुद्दाम बसल्या नाहीत. जात्याच्या घरघरीबरोबर गाणे जन्मास येई आणि पीठ भरून झाले की बहुधा तेथेच विरून जाई. ते टिपून ठेवावे हे त्यांच्या मनातही येत नसे. आणि आले असते तरी लिहिणार कसे?

पुढे दैवाने त्यांची कठोर परीक्षा पाहिली. वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांना वैधव्य आले. काशी ही कन्या आणि ओंकार व सोपान हे पुत्र अशी तीन मुले पदरात होती. त्यांपैकी ओंकारला प्लेगच्या आजाराने कायमचे अपंगत्व आले. अशा प्रसंगी माणूस खचून जातो किंवा ज्योतिषाच्या दारी जाऊन बसतो. बहिणाबाईंनी यांतले काहीच केले नाही. भविष्य सांगू पाहणाऱ्या जोशालाच त्यांनी आपल्या गाण्यातून परत पाठविले. आपले नशीब आपल्या हातांच्या कष्टात आहे, हा त्यांचा विश्वास होता. दुःखाला त्यांनी रडगाण्याचे रूप न देता विचाराचे रूप दिले. म्हणूनच त्यांची गाणी ऐकताना दुःखी मनुष्याला धीर येतो.

त्यांचे धाकटे पुत्र सोपानदेव यांचा जन्म १९०७ सालचा. ते शाळेत जाऊ लागले, तेव्हाची एक हकीकत सांगितली जाते. क्रमिक पुस्तकातील सावित्री-सत्यवानाची कथा सोपानने आईला वाचून दाखविली. आईने ती ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या कथेचे गाणे रचून तयार केले. पुस्तकातून मुलाच्या मुखात आणि मुखातून आईच्या कानात गेलेली कथा एका रात्रीत ओवी होऊन बाहेर आली! मुलगा चकित झाला आणि त्याने आईची गाणी वहीत उतरवून घेण्यास प्रारंभ केला. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी या दोघांनी ही गाणी लिहून जपून ठेविली. शाळेत शिकलेल्या अक्षरांचा याहून चांगला उपयोग क्वचितच कोणा विद्यार्थ्याने केला असेल.

बहिणाबाईंना गाण्याचे विषय कोठून मिळाले, हे पाहण्यासारखे आहे. शेताच्या बांधावरील झाडाला टांगलेले सुगरणीचे घरटे, विहिरीवर चालणारी मोट, खळ्यावर वारा येण्याची वाट पाहणारे कष्टकरी, मातीत दडून कोंब फुटण्याची वाट पाहणारे बी, चुलीवरचा तवा, माहेरची वाट, गावातील नाना तऱ्हांची माणसे, हे सारे त्यांच्या रोजच्या पाहण्यातले होते. मनाच्या चंचलपणाबद्दल पंडितांनी ग्रंथ लिहिले. बहिणाबाईंना तोच चंचलपणा पिकात शिरणाऱ्या मोकाट ढोरात दिसला. भाषाही त्यांनी उसनी आणली नाही. घरात आणि शेतात जी खानदेशी व लेवा गणबोली त्या बोलत, तीच गाण्यात आली. जळगावातील एका छापखान्यावरही त्यांनी गाणे रचिले आहे. शाई लागताच कोऱ्या कागदाला शहाणपण येते आणि माणूस मात्र आहे तसाच राहतो, याचे त्यांना नवल वाटले. ज्या यंत्राकडे त्या अशा कौतुकाने पाहत होत्या, तशाच एका यंत्रावर आपली गाणी एक दिवस छापली जाणार आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हते.

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगाव येथे बहिणाबाईंनी इहलोकीची यात्रा संपविली. तोपर्यंत सोपानदेव स्वतः कवी म्हणून महाराष्ट्राला परिचित झाले होते. आईच्या गाण्यांची वही त्यांच्याजवळ होती. पण खेड्यातील निरक्षर स्त्रीची बोलीभाषेतील गाणी शिकल्यासवरल्या रसिकांना रुचतील काय, असा संकोच त्यांच्या मनात होता. अखेर मातेच्या निधनानंतर त्यांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखविली. अत्र्यांसारख्या जाणत्या रसिकाला त्यांची योग्यता कळावयास वेळ लागला नाही. ही गाणी महाराष्ट्रापासून लपवून ठेवणे अनुचित आहे, अशी त्यांची ठाम भूमिका झाली आणि त्यांच्याच प्रस्तावनेसह १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीत अवघ्या ३५ कविता होत्या. तेवढ्यांनीच बहिणाबाईंचे नाव घरोघरी पोहोचविले. १९६१ सालच्या 'मानिनी' चित्रपटातून ही गाणी लाखो लोकांच्या कानी पडली. पाठ्यपुस्तकांतून ती पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी पाठ केली. २०१८ साली जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जिने शाळेचे तोंड पाहिले नाही, तिच्या नावाच्या विद्यापीठातून आज विद्यार्थी पदव्या घेऊन बाहेर पडतात.

या चरित्रापासून घ्यावयाचा बोध दुहेरी आहे, असे आम्हास वाटते. पहिला बोध लिहू इच्छिणारासाठी. विषय शोधीत दूर जाण्याचे कारण नाही. आपण रोज जे काम करतो त्याकडे नीट पाहिले म्हणजे पुरे. भाषा अलंकारिक नसली तरी चालते, ती आपली असली पाहिजे. दुसरा बोध घरातील इतर माणसांसाठी, आणि आमच्या मते तोच अधिक महत्त्वाचा. बहिणाबाईंची प्रतिभा जन्मजात होती हे खरे. परंतु तिला एक ऐकणारा मुलगा, एक वही आणि पुढे एक जाणता वाचक लाभला नसता, तर आज आपल्याला काय मिळाले असते? सोपान शाळेत जाण्यापूर्वी त्या माउलीने जात्यावर किती गाणी म्हटली असतील! जी वहीत उतरली ती उरली. बाकीची वाऱ्यावर गेली.

हे आम्ही मोठ्या अधिकाराने सांगत नाही. सांगताना आमची मान खाली जाते. आमच्या मातोश्रींनाही लिहिता-वाचता येत नव्हते. आमच्या बालपणी पहाटे जाग येई ती त्यांच्या ओव्यांनी. पुढे आम्ही शिक्षक झालो. बहिणाबाईंच्या कविता वर्गात चालीवर म्हणून दाखविल्या, मुलांकडून त्यांचे अर्थ लिहून घेतले, शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या. ज्या घरातून आम्ही शाळेत जात होतो, त्याच घरात ओवी रचणारी एक वृद्धा बसली आहे, याचा आम्हास विसर पडला. तिच्या ओव्या उतरून घ्याव्या असे मनात येई. परंतु दिवाळीच्या सुटीतले काम मे महिन्याच्या सुटीवर जाई आणि मे महिन्यातले पुन्हा दिवाळीवर. एका पावसाळ्यात मातोश्री निवर्तल्या. आज आम्हास त्यांच्या दोन ओव्या अर्धवट आठवतात, आणि थोरल्या भगिनीस एक पूर्ण येते. घरात कागद होता, शाई होती, लिहिणारा हातही होता. ऐकणारा कान मात्र नव्हता. मुलांना अक्षरे शिकविण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या घरी असे व्हावे याची खंत आमच्या मनातून जात नाही.

म्हणून मंडळाच्या सर्व कुटुंबांना आमची हात जोडून विनंती आहे. आपल्या घरात आजी, आत्या, मामी, काकू असतील. त्यांना ओव्या, उखाणे, पाळणे, कहाण्या येत असतील. आजोबांजवळ जुन्या गावाच्या, दुष्काळाच्या, पहिल्या नोकरीच्या आठवणी असतील. त्यांच्याजवळ जाऊन बसावे. आता तर घरोघरी भ्रमणध्वनी आहे, बोलणाऱ्याचा आवाजही जसाच्या तसा राखून ठेविता येतो. नातवंडांनी सुटीत रोज अर्धा तास दिला तरी एक वही सहज भरेल. आणि घरातील कोणी मुलगा वा मुलगी चार ओळी लिहून दाखवू लागली, तर प्रथम तिच्या चुका काढू नयेत. ती काय सांगू पाहते आहे ते ऐकून घ्यावे. चुका दुरुस्त करण्यास पुढे आयुष्य पडलेले असते. हिरमुसलेले मूल मात्र दुसऱ्यांदा वही पुढे करीत नाही. हे आम्ही शिक्षकीच्या अनुभवाने सांगतो.

पुढील वर्षी स्मरणिकेसाठी आम्ही पुन्हा आपल्या दारी येऊ. त्या वेळी आम्हाला लिहिता येत नाही असे उत्तर न देता, एखादी मळकी का होईना, पण भरलेली वही आमच्या हाती द्यावी. अक्षर कसेही असो. ते लावण्याचे व नीट उतरून काढण्याचे काम आम्ही आनंदाने करू. आमच्या हातून घरी जे राहून गेले, त्याची थोडीफार भरपाई तेवढ्याने तरी होईल.