युव्हेंटसचे भाग्यविधाते
एका उद्योजक घराण्याचे नाव फुटबॉल क्लबशी पिढ्यान्‌पिढ्या जोडले जावे, असे क्वचितच घडते. इटलीतील तुरिन शहरात या नात्याचा पाया एदोआर्दो आन्येली यांनी घातला. फियाट मोटार कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ज्योव्हानी आन्येली यांचे ते चिरंजीव. जन्म १८९२चा. शाळकरी मुलांनी १८९७मध्ये स्थापन केलेल्या युव्हेंटस क्लबचे अध्यक्षपद त्यांनी १९२३मध्ये स्वीकारले. हौशी मंडळींच्या या क्लबला त्यांनी शिस्त आणि पैशाचे भक्कम पाठबळ दिले. ओर्सी, मोंती यांच्यासारखे नामवंत खेळाडू अर्जेंटिनाहून आणले. १९२६मध्ये क्लबने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पुढे १९३१ ते १९३५ अशी सलग पाच वर्षे हा मान युव्हेंटसकडेच राहिला. १९३४चा विश्वचषक जिंकणाऱ्या इटलीच्या संघातही या क्लबचे अनेक खेळाडू होते.

पाचव्या विजेतेपदानंतर काही आठवड्यांतच, १४ जुलै १९३५ रोजी, जिनोआ येथे सागरी विमानाच्या अपघातात त्यांना मृत्यूने गाठले. वय अवघे ४३ वर्षे. त्यानंतरचे विजेतेपद पाहण्यासाठी क्लबला १९५०पर्यंत वाट पाहावी लागली. तेव्हा अध्यक्षपदी होते पुत्र जियान्नी. पितृछत्र हरपले, त्या वेळी ते केवळ १४ वर्षांचे होते.