आल्प्सच्या पायथ्यापासून मागे

कर्क डग्लसचा १९६० सालचा ‘स्पार्टाकस’ ज्यांनी पाहिला असेल, त्यांच्या डोळ्यांपुढे क्रूसावर लटकलेला नायक येतो. इतिहासातला स्पार्टाकस क्रूसावर गेला नाही. तो रणांगणात पडला आणि त्याचे प्रेतसुद्धा सापडले नाही. चित्रपटगृहातून बाहेर पडताना आणखी एक गोष्ट आपण विसरतो, ती म्हणजे हा माणूस थ्रेसचा होता.

थ्रेस म्हणजे आजचा बल्गेरिया आणि लगतचा ग्रीस-तुर्कस्तानचा काही भाग. ओड्रिसी, गेटी, बेसी, माइडी, ट्रिबाली अशा अनेक टोळ्या तिथे नांदत होत्या. हिरॉडोटसने लोकसंख्येत जगात पहिला मान हिंदुस्थानच्या लोकांना दिला आणि दुसरा थ्रेशियनांना. हे लोक एका विचाराने वागले तर अजिंक्य ठरतील, पण ते त्यांना कधीच साधणार नाही, हेही त्याने नोंदवून ठेवले. (वाचताना आपल्याला उगाचच ओळखीचे वाटते!) थ्रेशियनांनी स्वतःचा इतिहास लिहिला नाही. स्पार्टाकसविषयी आपण जे वाचतो तेही प्लुटार्क आणि अ‍ॅपियन यांनी, तो गेल्यानंतर दीडशे-दोनशे वर्षांनी लिहिलेले. त्याच्या अंगचे गुण सांगताना ग्रीक प्लुटार्कला राहवले नाही. हा थ्रेशियनापेक्षा ग्रीकच अधिक शोभतो, असे प्रशस्तिपत्र त्याने देऊन टाकले.

तरुणपणी स्पार्टाकस काही काळ रोमन सैन्यात होता. पुढे कैदी झाला आणि विकला गेला. विक्रीसाठी रोमला आणले तेव्हा झोपेत त्याच्या चेहऱ्याभोवती सापाने वेटोळे घातले. त्याच्याच टोळीतली त्याची बायको भविष्य सांगत असे. या माणसाच्या हाती मोठे, भयंकर सामर्थ्य येणार, असा अर्थ तिने काढला. मल्हारराव होळकरांवर नागाने फणा धरल्याची आख्यायिका ऐकत वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटू नये.

कापुआच्या आखाड्यात लेंट्युलस बाटियाटस या मालकाकडे त्याला ग्लॅडिएटर केले. इसवी सनपूर्व ७३ मध्ये दोनशे जणांनी पळण्याचा बेत केला. बेत फुटला आणि ७८ जण तेवढे निसटले, स्वयंपाकघरातले सुरे आणि मांस भाजायच्या सळया घेऊन. ते व्हेसूव्हियसवर चढून बसले. ग्लाबर हा रोमन अधिकारी ३००० शिपायांनिशी एकुलती एक वाट अडवून खाली थांबला. यांनी डोंगरावरच्या रानद्राक्षांच्या वेलींच्या शिड्या वळल्या, कड्यावरून उतरले आणि मागून त्याच्या छावणीवर तुटून पडले. मग गुराखी आले, शेतांवरचे गुलाम आले. पाहता पाहता संख्या ७०,००० वर गेली.

या सैन्यात लूट सर्वांना सारखी वाटली जाई. व्यापाऱ्यांनी छावणीत सोने-चांदी आणायची नाही, सैनिकांनीही ती बाळगायची नाही, खरेदी फक्त लोखंड आणि तांब्याची, असा स्पार्टाकसचा हुकूम होता. बँकेत वर्षानुवर्षे तारणाचे दागिने तोलून घेतलेल्या माझ्यासारख्याला इथे थबकावे लागते. थ्रेशियन सरदार तर सोन्याचे वेडे. १९४९ साली बल्गेरियात पानाग्युरिश्टे येथे माती खणणाऱ्या तीन भावांना त्या काळची सोन्याची नऊ भांडी मिळाली, वजन सहा किलोंहून अधिक. अशा मुलखातल्या माणसाला सोन्याने सैन्य फुटते हे कुठे उमगले असेल?

सैन्य फुटलेच, पण दुसऱ्या कारणाने. क्रिक्सस आपली तुकडी घेऊन वेगळा झाला आणि इसवी सनपूर्व ७२ मध्ये मारला गेला. त्याच्या उत्तरक्रियेत स्पार्टाकसने ३०० रोमन कैद्यांचा बळी दिला. तो काही संत नव्हता. नंतर त्याने दोन्ही कॉन्सलांना हरवले, उत्तरेला मुटिना, म्हणजे आजच्या मोडेनाजवळ कॅसियसचा पराभव केला आणि आल्प्सची वाट मोकळी झाली. डोंगर ओलांडावा आणि प्रत्येकाने आपापल्या घरी जावे, कुणी गॉलला, कुणी थ्रेसला, हा त्याचा बेत प्लुटार्कने लिहिला आहे. पण विजयाने फुगलेल्या लोकांना घर नको होते, इटली लुटायची होती. तो एकटा गेला असता तर? बायको बरोबर होती, मार्ग खुला होता. तो गेला नाही. ज्यांनी त्याचे ऐकले नाही, त्यांच्याच पुढे चालत तो पुन्हा दक्षिणेला वळला.

पुढचे सगळे उतरणीचे. क्रॅससने आपल्याच पळपुट्या शिपायांतल्या दर दहांमागे एकाला ठार करून शिस्त बसवली. सिसिलीला पोहोचवतो म्हणणाऱ्या चाच्यांनी भेटवस्तू घेतल्या आणि जहाजे हाकारली. क्रॅससने इटलीच्या टोकाला समुद्रापासून समुद्रापर्यंत खंदक खणला. बर्फाच्या रात्री तो बुजवून हे बाहेर पडले आणि पुन्हा फुटले. इसवी सनपूर्व ७१ मध्ये शेवटच्या लढाईआधी स्पार्टाकसने स्वतःचा घोडा मारला. जिंकलो तर घोडे पुष्कळ मिळतील, हरलो तर घोडा हवा कशाला? तो थेट क्रॅससच्या रोखाने घुसला, दोन सेंच्युरियन त्याने लोळवले, पण क्रॅससपर्यंत पोहोचला नाही.

जिवंत सापडलेल्या ६००० जणांना कापुआ ते रोम रस्त्यावर क्रूसावर चढवले. अंतर सुमारे २०० किलोमीटर; हिशेब केला तर दर तीस-पस्तीस मीटरला एक माणूस.

तो माइडी टोळीतला असावा, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. या टोळीचा मुलूख स्ट्रुमा नदीच्या खोऱ्यात होता. तिथल्या सांदान्स्की गावात बल्गेरियन लोकांनी त्याचा पुतळा उभारला आहे.