डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

आजच्या आंध्र प्रदेशातील भीमवरम येथे १८९५ साली सुब्बारावांचा जन्म झाला. तरुणपणीच त्यांचे दोन बंधू संग्रहणीच्या विकाराने दगावले. त्या काळी या रोगावर खात्रीचा उपाय नव्हता. मद्रास येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९२३ साली ते अमेरिकेस गेले. हार्वर्ड विद्यापीठात शिकत असताना उदरनिर्वाहासाठी त्यांनी रुग्णालयात हलकी कामेही केली. विद्याभ्यास मात्र सोडला नाही. तेथेच फिस्के यांच्यासह त्यांनी स्नायूंना शक्ती पुरविणारी द्रव्ये शोधून काढली. पुढे लेडर्ली प्रयोगशाळेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४५ साली फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार झाले आणि संग्रहणीच्या रोग्यांना त्याने गुण येऊ लागला. हत्तीरोगावरील औषधही तेथेच सिद्ध झाले. १९४८ साली ते निवर्तले. बंधूंना जे औषध लाभले नाही, ते सुब्बारावांनी साऱ्या जगाला मिळवून दिले.