ऑलिम्पिकमध्ये तीन गोल मारणारे नेव्हिल डिसूझा, ज्यांना आपण विसरलो

तिरोडा : वर्ल्डकप आला की आपल्या तालुक्यातले पोट्टे रात्र-रात्र जागून मोबाईलवर मॅच बघतात. मेस्सीच्या नावाची जर्सी आता धानाच्या बांधीत रोवणीच्या वेळीही दिसते. त्यात वावगं काही नाही. पण आपल्या महाराष्ट्रातल्या एका खेळाडूनं ऑलिम्पिकच्या एकाच सामन्यात तीन गोल मारले होते, हे बहुतेकांच्या कानावरही आलेलं नसतं. त्यांचं नाव नेव्हिल डिसूझा.

जन्म १९३२ चा. मूळ गाव गोव्यातलं आसगाव, पण त्यांचा फुटबॉल मुंबईचा. मुंबईत तेव्हा कूपरेजचं मैदान आणि हारवूड लीग म्हणजे फुटबॉलवाल्यांचं पंढरपूरच होतं. आजच्यासारखे कोटींचे लिलाव नव्हते. कंपन्यांचे संघ असायचे. कंपनी नोकरी द्यायची आणि खेळाडू तिच्यासाठी खेळायचा. नेव्हिल टाटा आणि कॅल्टेक्सकडून खेळले. पुढच्या फळीतले, गोल मारणारे. १९५४ मध्ये मुंबईनं पहिल्यांदा संतोष ट्रॉफी जिंकली, त्या संघातही ते होते. धाकटे डिसूझा, म्हणजे त्यांचे भाऊ डेरेक, हेसुद्धा पुढे भारताकडून खेळले.

आता १९५६ चं ऑलिम्पिक. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला. ते समजायचं तर चार वर्षं मागं जावं लागते. १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियानं भारताला १०-१ असं धुतलं होतं. आपले काही खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. त्या माराची लाज घेऊनच प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी नवा संघ बांधला. अजय देवगणचा 'मैदान' सिनेमा पाहिला असेल, तो याच रहीम साहेबांवर. नेव्हिलचं पात्र त्यातही आहे, पण गोष्ट रहीम साहेबांची, त्यामुळे नेव्हिल तिथंही बाजूलाच राहतात.

मेलबर्नला पहिल्या फेरीत समोर हंगेरी होती. तो संघ खेळायलाच उतरला नाही, भारताला पुढची चाल मिळाली. १ डिसेंबर १९५६ ला यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. मैदान त्यांचं, प्रेक्षक त्यांचे. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा गोल. ऑस्ट्रेलियानं बरोबरी केली. ३३ व्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल. मध्यंतराआधी पुन्हा बरोबरी, २-२. मध्यंतरानंतर पाच मिनिटं झाली नसतील तोच तिसरा गोल, तोही नेव्हिलचाच. शेवटी किट्टू यांनी चौथा मारला आणि भारत ४-२ नं जिंकला. हॅटट्रिक म्हटलं की आपल्याला क्रिकेटचा बॉलर आठवतो. पण ऑलिम्पिकच्या फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे नेव्हिल हे आशियातले पहिले खेळाडू.

तारीख लक्षात घ्या. त्याच्या बरोबर एक महिना आधी, १ नोव्हेंबर १९५६ ला, आपला भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला. गोंदिया जिल्हा तर १९९९ चा, तेव्हा तिरोडा भंडाऱ्यातच होता. म्हणजे नेव्हिलनं गोल मारले तेव्हा तिरोडा आणि मुंबई एका राज्यात येऊन जेमतेम महिना झाला होता. इकडं धानाची चुरणी चालली असेल. टीव्ही भारतात आलाच नव्हता. कोणाला कळलं असेल तर पेपरातून किंवा रेडिओवरून, तेही उशिरा.

उपांत्य सामन्यात परत तोच युगोस्लाव्हिया. मध्यंतरापर्यंत गोल नाही. ५२ व्या मिनिटाला नेव्हिलनं गोल केला आणि दहा गोल खाल्लेला भारत १-० नं पुढं गेला! ती आघाडी दोन-चार मिनिटंच टिकली, हे खरं. युगोस्लाव्हियानं सामना ४-१ नं नेला, त्यातला एक गोल तर आपल्याच खेळाडूकडून आपल्या जाळ्यात गेला. मग तिसऱ्या नंबरसाठी बल्गेरियाकडून ३-० नं हार, आणि पदक हुकलं. तरी चौथा नंबर. भारतीय फुटबॉलला ऑलिम्पिकमध्ये यापेक्षा वरचा नंबर आजपर्यंत मिळालेला नाही. १९६० नंतर तर आपण तिथं पोहोचलोच नाही.

स्पर्धेतले सगळ्यात जास्त गोल चार. तेवढे मारणारे तिघंच : युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच, बल्गेरियाचा मिलानोव्ह आणि मुंबईचे डिसूझा.

यानंतर काय झालं? फारसं काही नाही, हेच दुःख. १९६० च्या रोम ऑलिम्पिकच्या संघात ते नव्हते. १९६२ ला जकार्ता एशियाडचं सुवर्ण जिंकलं तेव्हाही नव्हते. अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ मध्ये. फुटबॉलचा पहिला अर्जुन मेलबर्नमधले त्यांचे साथीदार पी. के. बॅनर्जी यांना मिळाला, आणि तो योग्यच होता. पण नेव्हिलच्या वाट्याला तो आला नाही. ज्या वर्षी त्यांनी देश गाजवला त्या वर्षी पुरस्कारच नव्हता, आणि पुरस्कार आला तोवर लोकांची नजर नव्या पोरांवर गेली होती. १९८० च्या मार्चमध्ये, अवघ्या ४७ व्या वर्षी ते गेले. कूपरेजवर त्यांना खेळताना पाहिलेली पिढीही आता संपत आली.

साताऱ्याचे पैलवान खाशाबा जाधव यांना हेलसिंकीचं पदक जिंकूनही अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पण मिळाला. तसाच मान नेव्हिल यांनाही मिळायला हवा, त्यासाठी राज्यानं नाव लावून धरायला पाहिजे. आणि शाळेत क्रीडा सप्ताहाला फळ्यावर खेळाडूंची नावं लिहितात, तिथं एक नाव वाढवायला तर कोणाच्या मंजुरीचीही गरज नाही.